स्वच्छ खाडीच्या चार बरण्या

आमच्या डिपार्टमेंटमध्ये चार जण चहाला जमले की किस्से निघतातच, आणि त्यातले निम्मे तरी चिखलाचे असतात. वर्ध्याला समुद्र नाही, पण आमच्या लॅबमध्ये समुद्राच्या तळच्या गाळावर पीएचडी चालू आहे! पीएचडी विशाखाची. ती देवळीची. मी तिचा गाईड, म्हणजे फॉर्मवर सही माझी आणि चिखलात हात तिचे.

विषय थोडक्यात सांगून टाकतो. खाडीच्या गाळात नाना प्रकारचे जीवाणू राहतात. वरून कारखान्याचं पाणी, तेल, मैला येऊन पडला की त्यातले बरेचसे मरतात आणि ज्यांना हवा लागत नाही असे मोजके प्रकार माजतात. मग गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतो. विशाखा कोकणातल्या दोन खाड्यांमधून गाळ आणते, एक घाण आणि एक स्वच्छ. किती बिघडलं हे सांगायला आधी चांगलं कसं होतं ते दाखवावं लागतं. त्यामुळे सगळा प्रबंध त्या स्वच्छ गाळावर उभा आहे.

* * *

पहिल्या खेपेला ती थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रेल्वेने आली. समोर बसलेल्या एका काकांना बडनेऱ्यापर्यंत दम निघाला नाही.

"मच्छी हाय काय त्यात?"

"नाई काका, गाळ हाय. समुद्राचा."

काकांनी डब्याकडे एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाले, "इतक्या दूर गेलती, तर मच्छी काऊन नाई आणली?"

* * *

गाळ जगवायचा तर खारं पाणी हवं. त्यासाठीची खास क्षारांची पाकिटं मागवली होती, ती यायचं नाव घेईनात. शेवटी विशाखा नालवाडीतल्या एका किराणा दुकानात गेली आणि चार किलो मीठ मागितलं.

"लोणचं घालून राह्यल्या काय, ताई?"

"नाई भाऊ, समुद्र करून राह्यली."

दुकानदाराने मानसुद्धा वर केली नाही. "मंग खडेमीठ न्या. बारीक मिठात आयोडीन राह्यते."

हे गाईड म्हणून मी सांगायला हवं होतं. मला सुचलं नव्हतं.

* * *

मध्यंतरी तिला बघायला नाचणगावहून पाहुणे आले. मुलाचे वडील निवृत्त मास्तर. त्यांनी विचारलं, "पोरी, तू नेमकं काय करते?"

"खाडी घाण झाल्यावर कोणते जीवाणू मेले, कोणते जगले, ते पाहून राह्यली."

"त्यानं खाडी साफ होईन काय?"

"नाई."

"मंग?"

"कोण मेलं, ते तरी कळन."

पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. विशाखाने हा किस्सा आम्हाला हसत हसत सांगितला, पण घरी कोणी हसलं नव्हतं. वडिलांनी बजावलं होतं, यंदा दिवाळीपर्यंत पीएचडी आटप, नाहीतर सोडून दे. त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये दिसू लागली.

* * *

आता आमच्या रामभाऊंचा किस्सा. रामभाऊ लॅब अटेंडंट, नोकरीत माझ्याहून जुने, स्वच्छतेच्या बाबतीत कोणाच्या बापाचं न ऐकणारे. कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती. आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "रामभाऊ, उद्या इथे वास येता कामा नये."

वास येत नव्हता. कमिटीने तसा शेरासुद्धा लिहिला. विशाखाने बरण्या उघडल्या तेव्हा स्वच्छ खाडीच्या चारही बरण्यांत दोन-दोन डांबरगोळ्या होत्या, साड्यांच्या पेटीत टाकतात तशा.

डांबरगोळीतलं रसायन आणि खाडीत सांडलेल्या तेलातलं रसायन एकाच घराण्यातलं. समुद्रात जे व्हायला वर्षं लागली असती, ते रामभाऊंनी एका दुपारात उरकलं होतं.

"पण फक्त चांगल्याच बरण्यांत काऊन टाकल्या?" विशाखाने विचारलं.

"काळ्या त गेल्याच होत्या, मॅडम, त्या झाकणं घट्ट लावून आत ठेवल्या. म्हटलं, ह्या अजून चांगल्या हायेत, त ह्या तरी खराब नाई झाल्या पायजे."

ती स्टुलावर बसली. मला फार वाईट वाटलं, कारण हुकूम माझाच होता. रामभाऊंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "चिखल जित्ता राह्यते, हे मले कोणं सांगतलंच नाई, सर."

* * *

विद्यापीठात प्रगती दाखवायची वेळ आली. तज्ज्ञांनी विचारलं, "तुलनेसाठीचा स्वच्छ नमुना कुठे आहे?"

"डांबरगोळीने मेला, सर," विशाखाने खरं ते सांगितलं.

तज्ज्ञ चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे समुद्राचं प्रदूषण वर्ध्यापर्यंत पोचलं तर." मग जरा मऊ झाले. "नवा नमुना आणा. दिवाळीच्या आत दाखवा. नाहीतर विषय बदला."

* * *

ती पुन्हा त्या स्वच्छ खाडीवर गेली. रामभाऊंनी तोवर चारही बरण्या गरम पाण्याने इतक्या वेळा धुतल्या की त्यांच्यावरची लेबलं निघाली. ती परत आली त्या दिवशी ते सकाळपासून हातमोजे घालून टेबलापाशी उभे होते.

विशाखाने डबा ठेवला. बर्फ बाजूला करून गाळाची पहिली नळी काढली आणि झाकण उघडलं. मग दुसरी, तिसरी, चौथी. चारही नळ्यांत गाळ काळाकुट्ट होता. वास दारापर्यंत गेला.

"जागा तीच ना?" मी विचारलं.

"तीच, सर. नावाडीही तोच."

रामभाऊंनी एक एक नळी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. मग हातमोजे काढले, तिच्यासमोर दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात मी काईच नाई टाकलं."