नाल्याच्या अलीकडचं घर

आज संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास आला. आधी लसणाची फोडणी, मग ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा ठसका, आणि पीठ रटरटायला लागलं की उठतो तो जाड, पोटभर वास. वाशीमच्या घराघरांत शिजणारी गोष्ट ही, हिच्यावर लिहायचं ते काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण हा वास आला की माझ्या हातातलं काम थांबतं आणि भूक लागायच्या ऐवजी आत काहीतरी खुपायला लागतं. कारण याच काकूंच्या हातचं पिठलं एकदा आमच्याकडे सुतकाचं जेवण म्हणून आलं होतं, आणि आमच्या घरात कोणीही गेलेलं नव्हतं.

तेव्हा आम्ही याच गल्लीत, काकूंच्या दुसऱ्या बाजूच्या घरात भाड्यानं राहायचो. माझी आई गुडघे दाखवायला म्हणून आमच्याकडे आली होती. आम्ही बंजारा, आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात, आणि माझ्या तोंडी तोच शब्द आहे. याडी तेव्हा अनसिंगच्या पुढच्या आमच्या तांड्यावर एकटी राहायची. त्याच दिवसांत मावशी ऊसतोडीवरून परतली. दिवाळीनंतर गेलेली, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. बहीण वाशीमला आहे हे कळल्यावर ती एसटीतून उतरली ती डोक्यावरच्या गाठोड्यासकट आमच्याच दारात. आणि मग, भर दुपारी, त्या शांत गल्लीत, दोघी बहिणी भेटल्या.

आमच्याकडे दोन बाया खूप दिवसांनी भेटल्या की "बरी आहेस का" एवढ्यावर भागत नाही. त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात, एकमेकींच्या खांद्यावर मान टाकतात आणि मोठ्यानं, चालीवर रडतात. रडणं म्हणा, गाणं म्हणा. त्या रडण्यात कोण वारलं ते येतं, कोणाला लेक झाली ते येतं, गाय कधी व्याली, परक्या मुलखात ताप आला तेव्हा पाणी द्यायला कोणी नव्हतं, भाऊ असता तर, बाप असता तर, सगळं येतं. एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची. लहानपणी तांड्यावर खेळता खेळता हा आवाज कानावर आला की आम्हाला आनंद व्हायचा, पाहुणे आले म्हणून. मनभर रडून झालं की दोघी नाक पुसत हसायच्या आणि चुलीवर चहा चढायचा. इतकी साधी गोष्ट होती ती.

पण ती गल्ली तांडा नव्हती. दारं उघडली, माणसं फाटकाशी आली. समोरच्या सरांनी म्हणे चपला घालताना मोबाईल कानाला लावला; बहुतेक कोणाला तरी मयतीची खबर देत होते. मी शाळेत शिकवून घरी पोचले तर अंगणात गर्दी आणि शेजारच्या काकू पदरानं डोळे पुसत उभ्या.

"कोन गेलं वं माय?" त्यांनी माझा हात धरून विचारलं.

"कोणी नाही गेलं काकू. भेटून राह्यल्या त्या दोघी."

"भेटून राह्यल्या?" काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "अवो, मंग मी तं पिठलं टाकून आली ना! म्हटलं, आता या घरी चूल कशाची पेटते."

आणि खरोखरच थोड्या वेळानं त्या पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आल्या. मयतीच्या घरी शेजाऱ्यानं द्यायचं ते जेवण आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. मावशीला तर हसू आवरेना. "माह्या जिवंतपणीच माह्यं सुतक खाऊन घेतलं वं मी," म्हणाली. याडीही हसली. पण दुसऱ्या दिवशी समोरचे सर मला फाटकाशी थांबवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मुलाची बारावी आहे. तेवढं आवाजाचं जरा पाहा." वाईट बोलले नाहीत, बोलू शकले असते. मुलगीही शाळेतून येऊन म्हणाली, "आई, आजी अशी काहून रडते? सगळे विचारून राह्यले मले." याडी तेव्हा आतल्या खोलीत, फाटकाकडच्या खिडकीशी होती. तिनं हे दोन्ही ऐकलं असणार. तिचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

त्यानंतर वर्षभरात आम्ही घर घ्यायचं ठरवलं, आणि आमच्या संसारात कधी झाली नव्हती इतकी भांडणं तेव्हा झाली. याडी आता तांड्यावर एकटी राहू शकत नव्हती. जे घर घ्यायचं ते तिच्यासाठीही शेवटचं घर, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आमच्या ऐपतीत बसणारी घरं दोन ठिकाणी होती. गावाबाहेर एक नाला आहे, पावसाळ्यात तेवढा वाहतो. नाल्याच्या अलीकडे हे लेआऊट, प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, जिथं आम्ही भाड्यानं होतो. सिमेंटचे रस्ते, झाकलेल्या गटारी, फाटकापुढे रांगोळी, आणि दुपारी अशी शांतता की कुकरच्या शिट्ट्यांवरून कोणाकडे डाळ शिजते ते कळावं. पलीकडेही लेआऊटच, पण तिथं बहुतेक आमचीच माणसं, तांड्यांवरून आलेली. मुरमाचे रस्ते, बांधकाम अर्धवट सोडून राहायला आलेली घरं, अंगणात शेळी, आणि संध्याकाळी पायरी-पायरीवर बाया. मधे फक्त एक पूल. अलीकडच्या घराच्या गच्चीवरून पलीकडची वाळत घातलेली लुगडी दिसायची.

आम्ही दोघं संध्याकाळी कधी इकडे, कधी तिकडे फिरायला जायचो. पलीकडे पहिल्याच पायरीवर एका म्हातारीनं मला हटकलं, "कोन्या तांड्याची वं बाई तू?" मी सांगितलं, तर तिनं माझ्या आजोळापर्यंतचं नातं जुळवून टाकलं आणि चहाला बसवलं. अलीकडे ओळख निघाली की बाया विचारायच्या, "सर्व्हिसला कुठं आहात?" दोन्ही प्रश्नांत तुमची पारखच असते म्हणा. पण पहिल्याचं उत्तर देताना माझी जीभ सैल सुटायची आणि दुसऱ्याचं देताना मी नकळत शाळेतल्यासारखी ताठ व्हायचे. मला पलीकडचं घर हवं होतं. याडीसाठी हवं होतं, असं मी म्हणायचे. कदाचित माझ्यासाठीही.

नवऱ्याचं मन मात्र एजंटनं पक्कं करून टाकलं. अलीकडचं एक घर पाहायला गेलो तेव्हा आडनाव ऐकून तो जरासा थांबला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "तुमी पुलापलीकडं काहून नाही पाहत? तिकडं तुमचेच लोक आहेत सारे." घरी आल्यावर नवरा ताडकन म्हणाला, "आता घेतलं तं इथंच घेईन."

"आन् याडीचं काय?" मी विचारलं.

"याडी काय रोज रडते का?"

"रोज नाही रडत. पण रडावंसं वाटलं तं?"

"तं रडू दे ना! कोनं धरलं तोंड? आपलं घर राहील ते. आपल्या घरात रडाले कोनाची परवानगी घ्याची का मी?" मग आवाज उतरला त्याचा. "तांडा सोडून आलो, शिकलो, नोकऱ्या केल्या. आन् आता कोनी बोट दाखवलं म्हणून तिकडं जाऊन बसायचं?"

मला मनापासून जिथं जायचं होतं तिथंच तो एजंट आम्हाला ढकलत होता. माझी ओढ आणि त्याचा धक्का एकाच दिशेला, आणि त्यामुळं माझी ओढच मला खोटी वाटायला लागली. रागही येईना नीट कोणाचा. कित्येक दिवस आम्ही जेवताना एकमेकांशी न बोलता मुलीशी बोलायचो.

शेवटी याडीलाच दोन्हीकडे नेलं. पलीकडे ती त्या म्हातारीजवळ बसली ती उठेचना. दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, बांगड्या वाजत होत्या, आणि मी नवऱ्याकडे पाहून मनात म्हणत होते, बघ. अलीकडे, काकूंच्या घराला लागून जे घर विकायला निघालं होतं तिथं तिनं ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, खिडकीतून नातीच्या शाळेची बस कुठं थांबते ते विचारलं. घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाली, "हेच घ्या."

"याडी, तुले तिकडं करमलं असतं."

"माह्यं काय घेऊन बसली तू? मी किती दिवसाची? पोरीले इथं राहाचं हाय. तिले कोनी तांडा विचारला नाही पायजे, नाव विचारलं पायजे."

नवरा जिंकला म्हणावं तर तोही त्या दिवशी जेवला नाही. आणि मी मोठ्या तोंडानं आईची बाजू घेऊन भांडले होते, तर आईनंच मला खोटं पाडलं.

यंदा मावशी ऊसतोडीवरून परतायची होती तेव्हा मी एक वेडेपणा केला. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आणि समोरच्या सरांकडेही सांगून आले, "उद्या माझी मावशी येणार आहे. आमच्याकडे बाया भेटल्या की रडतात. घाबरू नका, कोणाला काही झालेलं नाही." सर म्हणाले, "काही हरकत नाही मॅडम." काकू तर म्हणाल्या, "रडू द्या वं माय, मी ऐकाले येतो." मला इतकं हलकं वाटलं! वाटलं, जमलं. नाल्याच्या अलीकडेही जमतं. नवराही सुट्टी टाकून घरी थांबला. याडीला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मावशी आली. डोक्यावर गाठोडं, पायात उसाच्या फडातली फाटकी बूटजोडी. याडी पायऱ्या उतरून फाटकाशी गेली. मावशीनं गाठोडं खाली टाकलं, दोन्ही हात पसरले, बहिणीच्या खांद्यावर मान टेकवली आणि पहिला सूर लावला. याडीनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"इथं नाही वं बाई," ती म्हणाली. "आत चाल."

मावशीचे डोळे त्या हातावरून याडीकडे पाहत राहिले. मग तिनं निमूटपणे गाठोडं उचललं. आत दोघी पलंगावर शेजारी बसल्या, एकमेकींचे हात धरून, आणि मावशीनं वर्षभराच्या बातम्या सांगितल्या. कोण गेलं, कोणाला लेक झाली. शब्द सगळे तेच होते. बोलून सांगितल्यावर ते किती लवकर संपले. नवरा स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून दूध उतू जाऊ देत होता. आणि चहा होतो न होतो तोच काकू भिंतीवरून डोकावल्या, "काहून वं माय, आज रडनं होतं ना? मी केव्हाची कान लावून बसली."

कोणी नाही म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी होच म्हटलं होतं. पण तो होकार याडीपर्यंत पोचायला उशीर झाला होता. कधीतरी आतल्या खोलीत बसून, कोणाला न विचारता, तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की या बाजूला राहायचं तर असं राहायचं. घर घेताना आम्ही रस्ते पाहिले, पाणी पाहिलं, शेजार पाहिला, मान-अपमान पाहिला. आई काय देऊन बसते आहे ते मात्र पाहायचं राहून गेलं.

संध्याकाळी मावशीला सोडायला मी एकटीच स्टँडवर गेले. बस लागली होती. मावशी चढायची थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू तरी रड वं मले भेटून." मी तिच्या गळ्यात पडले. त्या गर्दीत, धुरात, तिनं हळूच चाल धरली, आणि चाल मलाही येत होती, पुरी येत होती, रक्तात असल्यासारखी. पहिली ओळ मावशीची झाली. माझी ओळ आली. ती थांबली माझ्यासाठी. त्या चालीत घालायला माझ्याजवळ शब्दच नव्हते.