गोळीची छुट्टी

गोळी सुरू केली त्या पहिल्या सकाळी मी भांडी विसळली आणि नळ बंद केला. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण चाळिशी ओलांडेपर्यंत या दोन गोष्टी मी एकामागोमाग क्वचितच केल्या होत्या. मधे कुठेतरी फोन, कुंडी किंवा तिसऱ्याच खोलीतला पंखा येऊन जायचा. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, इंदूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. ती ओट्याजवळ आली, बंद नळाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बिघडला का?"

माझं लक्ष कुठेच टिकत नाही याला आजार म्हणतात, हे मला उशिरा कळलं. तोवर त्याला वेंधळेपणा म्हणायचे, आणि त्यावर उपाय म्हणजे टोमणा. मग एक डॉक्टर भेटले. नाशिकहून आलेले, बोलणं स्वच्छ, इतकं स्वच्छ की त्यांच्यासमोर आपण पायपुसणं न वापरता घरात शिरलो असं वाटतं. त्यांनी तपासलं, प्रश्न विचारले आणि रोज सकाळी एक अशी गोळी दिली. संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत तिचा अंमल राहायचा.

पहिले काही महिने मी स्वतःवरच लट्टू होते. मी एका कोचिंग क्लाससाठी फिजिक्सच्या प्रश्नपत्रिका तयार करते. चार पर्यायांत दोन बरोबर निघाले की पालकांचे फोन सुरू होतात, आणि इंदूरच्या पालकांच्या फोनपेक्षा यमदूत परवडला, तो निदान एकदाच येतो. गोळी लागू पडल्यापासून असा एकही फोन आला नव्हता. रविवारीही मी गोळी घेऊन, खोलीचं दार लावून प्रश्न काढत बसायची.

पण नव्याचे नऊ दिवस. हळूहळू गोळी फिकी पडायला लागली. घ्यायची आणि वाट बघत बसायचं, बस चुकल्यासारखं. पुन्हा पर्याय चुकायला लागले. मी घाबरले. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की ती नळ बंद करणारी बाई आता परत जाणार. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला मीच आवडले होते, आणि त्याची मुदत संपत होती.

इंदूरमध्ये कुणालाही काही सांगा, औषध तिथल्या तिथे मिळतं. मैत्रिणीने ब्राह्मी सांगितली. आईने भिजवलेले बदाम सुरू केले. गोळीला जोड म्हणून मी स्वतःच्या अकलेने कडक कॉफी सुरू केली. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. छातीत ढोल वाजायला लागला आणि लक्ष मात्र होतं तिथेच, म्हणजे कुठेच नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले आणि थेट म्हटलं, "डोस वाढवा."

"वाढवू की," ते म्हणाले. "आधी सांगा, झोपता किती?"

"पुरेसं."

"दुपारी जेवता?"

यावर मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. गोळीने दुपारची भूक मरायची, मग संध्याकाळी घरी येऊन मी शेवेचा डबा मांडीवर घेऊन बसायची. रात्री डोकं शांत होईना म्हणून जागायचं आणि सकाळी अर्धवट झोपेवर गोळी घ्यायची. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि कॉफीचं ऐकून भुवया वर केल्या. शरीर औषधाला सरावतं कधी कधी, ते म्हणाले, पण तुमच्या बाबतीत सगळा दोष औषधाचा दिसत नाही. मग फर्मान निघालं: कॉफी बंद, झोप वेळेवर, गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, दुपारी भूक नसली तरी दोन घास. डोस तोच. आणि आठवड्यातून एक दिवस गोळीला सुट्टी.

"रविवारी," ते म्हणाले. "क्लास बंद असतो ना? म्हणजे कामाचं नुकसान नाही. आणि हे फक्त तुमच्यापुरतं, मैत्रिणींना सल्ले देत फिरू नका."

मला ते फारच पटलं. शाळेलाही रविवारी सुट्टी असते, मग गोळीने काय घोडं मारलंय?

आमचे रविवार मग बघण्यासारखे झाले. पोहे भिजवायचे आणि विसरायचे, त्यांचा लगदा झाला की खाली टपरीवर पोहे-जिलबी आणायला जायचं आणि फरशीचा पोछा घेऊन परत यायचं. पोछा चांगला होता, स्वस्तात मिळाला होता. पण खाल्ला जात नाही, हे आईने दाखवून दिलं.

रविवार हा आम्हा दोघींचा एकत्र असण्याचा एकमेव धड दिवस. त्यामुळे आई त्या दिवशी बोलायची. आणि ही सुट्टी सुरू झाल्यापासून फिरून फिरून एकच गोष्ट सांगायची: बाबांची इंदूरजवळच्या महूच्या शाळेत बदली झाली होती तेव्हा ती एकटी मोपेडवर महूला गेली होती. त्या दिवशी बाबा चष्मा घरीच विसरले होते. साडी खोचून, चष्मा पर्समध्ये घालून आई निघाली. राजेंद्रनगर मागे पडलं, रस्त्यावर ट्रकच ट्रक, मग अर्ध्या वाटेवरचं राऊ आलं. राऊच्या पुढे काय झालं ते मला ठाऊक नव्हतं, कारण राऊपाशी मी नेहमी उठून जायची. कधी बेल वाजल्यासारखं वाटायचं, कधी पोछा आठवायचा. परत यायची तेव्हा आई भाजी निवडत असायची. पालथ्या घड्यावर पाणी, ती म्हणायची. वय झालं की माणसं तेच तेच बोलतात, असं मी धरून चालले होते.

सोमवारी मात्र गोळी कशी खणखणीत चालायची! झोप, जेवण, सुट्टी, सगळ्याचा मिळून गुण आला होता. पर्याय पुन्हा बरोबर यायला लागले. डॉक्टरांना ही बातमी द्यायला मी वाजतगाजत निघाले, तर आई चप्पल घालून दाराशी उभी. "मला पण यायचंय."

"तुझं काय काम?"

"आहे."

डॉक्टरांपुढे मी माझी कर्तबगारी सांगितली. ते खूष झाले. मग आईने घसा साफ केला.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? हिच्या गोळीची छुट्टी रविवारीच का?"

"त्या दिवशी काम नसतं ना, काकू. नुकसान होत नाही."

"हिचं नाही होत. माझं होतं." आई अगदी शांतपणे बोलत होती. "बघा, सकाळी ही गोळी घेते आणि निकलते. ऑफिसवाल्यांना गोळीवाली मिळते. संध्याकाळी घरी येते तोपर्यंत गोळी उतरलेली. रविवारी आधी दार लावून काम, आता तर छुट्टीच. मतलब, वर्ष होऊन राहिलं, मला ती गोळीवाली अजून भेटलीच नाही. सगळे तारीफ करतात. एक बार मलाही दाखवा, कशी आहे ते."

डॉक्टर हसले, आणि मग हसायचे थांबले. मला राग आला. आईने परक्यासमोर माझी अब्रू काढली, असं वाटलं. तो राग जिना उतरेपर्यंतही टिकणार नव्हता हे मला तिथेच कळत होतं, कारण तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. चांगलं ते क्लासला आणि उरलंसुरलं ते आईला, असा हिशोब मी केला होता आणि त्याला उपचार म्हणत होते.

"आठवड्यात कामाचा सगळ्यात हलका दिवस कुठला?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"बुधवार. दिवसभर मीटिंग असते."

"मीटिंगमध्ये लक्ष नाही लागलं तर?"

"तिथे कोणाचंच लागत नाही."

डॉक्टरांनी सुट्टी बुधवारी केली. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, रिक्षाने जायचं, असंही बजावलं. आई मान डोलावून म्हणाली, "हां, हे बराबर आहे."

पहिल्या बुधवारी मीटिंगमध्ये मी वहीवर समोशांची रांग काढली, दोनदा भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं आणि नवीन बॅचचं वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे लावलं तर काय होईल, असं विचारलं. आमचे सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, आज तो आपने गजब कर दिया!" वेळापत्रक खरोखर तसं लावलं गेलं. तेव्हापासून मी बुधवारी फार हुशार असते, असा क्लासमध्ये समज आहे. मी तो मोडलेला नाही.

मग रविवार आला. मी नाश्ता केला, गोळी घेतली आणि तासाभराने आईसमोर जाऊन बसले. त्या बंद नळाकडे बघितलं होतं तसंच तिने माझ्याकडे बघितलं.

"सांग," मी म्हटलं. "महूची."

ती जरा लाजली. मग गोष्ट सुरू झाली: साडी खोचली, चष्मा पर्समध्ये घातला, राजेंद्रनगर गेलं, ट्रक गेले. राऊ आलं. मी बसून राहिले. बेल वाजली नाही, आणि वाजली असती तरी मी उठले नसते.

राऊच्या पुढे काहीच झालं नव्हतं. ती सुखरूप महूला पोचली, मोपेड शाळेच्या फाटकापाशी लावली, बाबांना चष्मा दिला. मग सहज फिरत मैदानाकडे गेली, तर तिथे छावणीतल्या फौजेच्या बँडचा सराव चाललेला. ती कुंपणाला टेकून ऐकत राहिली. किती वेळ, ते तिला आजही माहीत नाही. भानावर आली तेव्हा समोर इंदूरची बस उभी होती. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि घरी आली.

"आणि मोपेड?" मी विचारलं.

"तेच सासूबाईंनी विचारलं. गाडी कुठे आहे? तेव्हा मला याद आलं की मी गाडीवर गेले होते."

मी हसले. आईही हसली. मग थांबली.

"बिघडली म्हणून सांगितलं. तुझ्या बाबांनी दुसऱ्या दिवशी आणली आणि कोणाला एक अक्षर बोलले नाहीत. पण मी किल्ली कपाटात टाकून दिली. परत कधी चालवली नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू तेव्हा वर्षाची होतीस. म्हटलं, आज गाडी विसरले, उद्या पोरीला कुठे ठेवून येईन."

माझ्या आठवणीतली आई म्हणजे बाजारात माझं मनगट दुखेपर्यंत धरून ठेवणारी बाई. त्या हाताचा मला लहानपणभर राग होता.

"तुझं हे निघालं ना डॉक्टरकडे," ती म्हणाली, "तेव्हापासून सांगायचं होतं. पण तू राऊलाच उतरून जायचीस." आणि चहा ठेवते म्हणून उठली.

बराच वेळ झाला तरी चहा येईना. करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि आई बाल्कनीत तुळशीची सुकलेली पानं खुडत होती, एकेक, अगदी मन लावून. मी गॅस बंद केला. आवाज ऐकून तिने वळून बघितलं, ओट्याकडे, मग माझ्याकडे.

"या उमरात देतात का गं ती गोळी?" तिने विचारलं.

"माहीत नाही. उद्या सकाळीच फोन करून विचारते," मी म्हटलं. "बुधवारवर टाकलं तर दोघी विसरू."