शेठच्या रोटल्यातली गुलाबी गोळी

भावनगरच्या पिंपळवाल्या शेरीत, म्हणजे गल्लीत, कुणाला शिंक आली की तो रुमाल नंतर काढतो, आधी हसुबेनच्या दाराची कडी वाजवतो. हसुमती व्रजलाल पारेख. वय साठीच्या पुढचं, गुडघे सत्तरीचे, आवाज पंचविशीचा. त्यांचे मिस्टर जन्मभर एका औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब लिहायचे. बास, एवढ्यावर हसुबेन डॉक्टर झाल्या! मिस्टर गेले त्यालाही बरीच वर्षं झाली, पण ज्ञान कुठे जातंय? ते त्यांनी बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलंय. त्या डब्यातल्या गोळ्यांची नावं कुणी विचारायची नसतात. पांढरी तापाला, पिवळी पोटाला, गुलाबी सांध्यांना. गुलाबीचा मान सगळ्यात मोठा, कारण खुद्द हसुबेनचे गुडघे तिच्यावर चालतात.

"पण घ्यायची कधी कधी?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. "दुखेल तेव्हा घे. नाहीच दुखलं तर ठेवून दे. दुखेलच की कधीतरी."

त्यामुळे काय झालं, शेरीतल्या प्रत्येक घरात देव्हाऱ्याशेजारी नाहीतर फ्रिजवर कागदाची एक पुडी असतेच. आत हसुबेनच्या दोनचार गोळ्या, कधीतरी दुखण्याची वाट बघत बसलेल्या.

आता शेठ. शेठ म्हणजे शेरीचा कुत्रा. तांबूस रंग, पोट सुटलेलं, दिवसभर मनहरभाईंच्या ओट्यावर असा पसरतो की नुसता पाठीला लोड द्यायचा बाकी आहे. काम काही करत नाही आणि सगळे येऊन नमस्कार करून जातात, म्हणून नाव शेठ. शेरीत पहिली रोटली गाईची आणि शेवटची कुत्र्याची. दुपार झाली की शेठ घरोघर वसुलीला निघतो. एक दार चुकवत नाही, कुणाचं मन मोडत नाही.

पण हसुबेनचं नातं जरा जास्तच. शेठची आई व्याली तेव्हा शेरीतल्या बायकांनी वर्गणी काढून तिच्यासाठी शिरा केला होता, आणि त्यात तूप किती घालायचं ते हसुबेननी ठरवलं होतं. त्या दिवसापासून त्या स्वतःला शेठची आजी समजतात. मुलगा राजकोटला असतो, त्याला रविवारी फोन करायचं कधी आठवतं, कधी नाही. शेठ मात्र रोज दारात. तूप लावलेला बाजरीचा रोटलो त्याला हसुबेनच्याच हातचा लागतो.

उत्तरायण झालं, पतंग उतरले, आणि एका सकाळी शेठ लंगडत आला. पुढचा उजवा पाय नुसता टेकवत, परत उचलत.

हसुबेननी पायरीवरूनच रोग ओळखला. "हे मला ठाऊक आहे बाबा. थंडीत माझंही असंच होतं. वय झालं तुझं."

शेठचं वय पाच!

त्यांनी अर्धी गुलाबी कुटली, गुळात कालवली, रोटल्यात दाबली. शेठने मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो जरा बरा चालला, आणि मग काय, हसुबेननी शेरीभर सांगितलं, "बघितलंत ना? सांधाच होता!" रोज अर्धी सुरू झाली.

आणि मग हळूहळू शेठ ओट्यावर चढेनासाच झाला. मनहरभाईंच्या स्कूटरखाली पडून राहायला लागला. ओकला. परत ओकला. काळी, डांबरासारखी शी केली. हसुबेननी गुडघे आवळत खाली बसून रोटलो पुढे केला, वर जास्तीचं तूप घातलं, गुळाचा खडा ठेवला. शेठने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

मिस्टरांच्या आजारपणातसुद्धा ज्या बाईने देवाला खडसावलं होतं, तिने मनहरभाईंच्या दाराची कडी बडवली हो. रोटलो तिथेच पडला.

"मनहरभाई! रिक्षा बोलवा! बघताय काय, माझा शेठ चाललाय!"

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मेघल म्हणून एक पोरगेली मुलगी होती. हसुबेननी आधी तिच्या मागे बघितलं, मोठे डॉक्टर येतायत का म्हणून. कुणी आलं नाही.

"काय खाल्लं याने?" तिने शेठला टेबलावर घेत विचारलं.

"घरचंच. रोटलो, तूप, गूळ."

"आणखी?"

"आणखी काय, माया."

तिने शेठचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. "बा," आजीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "मायेने हिरड्या अशा होत नाहीत. औषध काय दिलंत?"

मनहरभाई छताकडे बघायला लागले. हसुबेननी पदर सारखा केला. "अर्धीच. गुलाबी. सांध्याची."

"कुणी सांगितली?"

आजवर सगळ्यांनी हसुबेनना विचारलं होतं. त्यांना कुणी सांगितलं, हे कुणी विचारलंच नव्हतं!

डॉक्टरीणबाईंनी शेठचा पंजा हातात घेतला, बोटांमधले केस बाजूला केले आणि चिमट्याने हळूच काहीतरी ओढलं. लाल दोरा. पतंगाचा, काचेची पूड लावलेला पक्का मांजा, बोटाभोवती आवळून मांसात रुतलेला.

"हा तुमचा सांधा," ती म्हणाली.

कुणीही नुसता पाय उचलून बघितला असता तर दिसला असता. शेरीत कुणीच बघितला नव्हता. कशाला बघतील, निदान झालेलं होतं ना!

"नीट ऐका बा. माणसाची सांध्याची गोळी कुत्र्याच्या पोटाला आतून सोलून काढते, किडन्या बिघडवते. पण अर्ध्या गोळीने इतक्या लवकर एवढं व्हायचं नाही. आणखी कोण कोण खायला घालतं याला?"

"सगळेच," मनहरभाई छताला म्हणाले.

"मग घरी जाऊन विचारा. सलाईन मी लावते, पोटाचं औषध सुरू करते. पण तापाची गोळी पोटात गेली असेल तर यकृताला धोका, त्याचा इलाज निराळा, आणि तो आत्ताच द्यायला हवा. अंदाजाने सगळंच टोचलं तर याला झेपायचं नाही. लवकर कळवा, नाहीतर हा राहायचा नाही."

हसुबेन रिक्षातून उतरल्या त्या थेट कपिलाभाभींच्या दारात.

"कपिला, शेठला तू काही दिलंस का गं? गोळीबिळी?"

"मी? छे हो! नुसती रोटली. तूपसुद्धा नाही, तूप काय भावाने झालंय!"

पुढचं दार वसंतकाका. काका म्हणाले, "मी स्वतः गोळी घेत नाही, तर कुत्र्याला देईन?" आणि बोलता बोलता फ्रिजवरची पुडी हळूच वर्तमानपत्राखाली सरकवली. हसुबेननी बघितली. स्वतःच्या हाताने बांधलेली पुडी बाई ओळखणार नाही का!

दारोदार तेच. सगळे साधू. सगळ्यांची नुसती रोटली. आणि तिकडे शेठ सलाईनवर. हसुबेनना रडायला येत होतं, पण रडून ही शेरी बोलणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं काय उगाच राहिल्या होत्या का!

संध्याकाळी आरतीला सगळे पिंपळाखाली जमले. आरती झाली, प्रसाद वाटून झाला. हसुबेननी दवाखान्यात फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन हातात उपडा धरला आणि कट्ट्यावर चढल्या. गुडघे करकरले.

"जय श्रीकृष्ण! मला फक्त एवढंच सांगायचंय की शेठ आजारी पडला तेव्हा या शेरीत औषध दिलं ते मी एकटीने. बाकी कुणालाही त्या मुक्या जिवाला एक गोळी द्यावीशी वाटली नाही! घरात पुड्या पडल्यात, पण हात सुटला नाही. राहू दे. ज्याचं पुण्य त्याच्यापाशी."

मग कपिलाभाभी फणकारल्या.

"एकटीने? अहो, मी चार दिवस तापाची पांढरी घातलीय रोटलीत! तीसुद्धा अख्खी! तुमच्यासारखी अर्धी नाही!"

"पांढरीने काय होतंय?" मागून मनहरभाईंचा आवाज आला. दवाखान्यात छताकडे बघणारे हेच ते. "मी गुलाबी दिली, सकाळ-संध्याकाळ. दुधातून! साय काढलेली नव्हती!"

"साय काढलेलीच होती," मनहरभाईंची बायको म्हणाली. "पण गोळी मीही दिली. मला काय माहीत तुम्ही देताय!"

"तुम्ही दोघं मिळून एक घर," वसंतकाका पुढे आले. "मी एकट्याने गुलाबी दिली, आणि वर पिवळीही दिली!"

"पिवळी कशाला हो काका?"

"म्हटलं, सगळे एवढ्या गोळ्या घालतायत, बिचाऱ्याला ॲसिडिटी व्हायची."

हसुबेन कट्ट्यावरच खाली बसल्या. "म्हणजे काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे काय, सगळ्यांच्या रोटलीत हसुबेनचीच गोळी. मला वाटलं, तुमच्या सांगण्यावरूनच चाललंय."

कपिलाभाभींनी उगाच प्रसादाचं ताट पुसलं. हसुबेन आपल्या हाताकडे बघत राहिल्या. याच हाताने पुड्या बांधल्या होत्या. शेठने दारोदार फिरून एकच डबा खाल्ला होता, त्यांचाच.

हातातला फोन बोलला. "हॅलो? बा? पांढरी चार दिवस, अख्खी, बरोबर? यकृताचं औषध सुरू करते. आणि त्या काकांना म्हणावं, पिवळीने फरक पडला नाही."

सगळी शेरी फोनकडे बघत राहिली. मग कपिलाभाभींनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "जगेल ना गं बेटा?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशीही तिने "उद्या"च सांगितलं. हसुबेन रोज रिक्षाने जायच्या, शेठच्या पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून बसायच्या आणि डॉक्टरीणबाईंना एका शब्दाने सल्ला द्यायच्या नाहीत. यावर मनहरभाईंचा विश्वासच बसला नाही, ते मुद्दाम बघायला गेले. खरंच गप्प होत्या! एकदा फक्त सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "थेंब जरा सावकाश नाही का पडत?" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

शेठ आला परत. हाडं दिसत होती, पंजाला पांढरी पट्टी, पण रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी मनहरभाईंच्या ओट्यावर चढला. शेरीने शिरा केला. डॉक्टरीणबाईंनी फोनवरून ओरडून बंद पाडला, नुसता मऊ भात घालायला सांगितला. शिरा मग शेरीनेच खाल्ला, आणि संध्याकाळी वसंतकाकांचं पोट बिघडलं. ते सवयीने हसुबेनच्या दारात आले.

"डबा काढा हो जरा. पिवळी."

"डबा नाही," हसुबेन म्हणाल्या. "रिकामा केला. आता त्यात खाखरा ठेवलाय. हवा असेल तर देते."

"मग मी काय करू?"

"डॉक्टरकडे जा. तुम्ही माणूस आहात ना, तुमचा डॉक्टर तर कोपऱ्यावरच बसतो!"

काका कुरकुरत गेले.

पुढे शेठ रोटलो खायला लागला, तसं हसुबेननी तूप लावलं आणि पायरीवर बसून रोटलो पुढे केला. शेठ जवळ आला. वास घेतला. खाल्ला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, उधारीवाल्याकडे बघतात तसा.

"अरे काही नाही रे त्यात," हसुबेन म्हणाल्या. शेठ हलला नाही.

मग त्यांनी रोटल्याचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकडे उलटून, बोटाने चाचपून त्याला दाखवले. एक तुकडा स्वतः तोंडात टाकला, चावून गिळला.

शेठने शेपटी एकदा हलवली आणि उरलेला त्यांच्या हातातून घेतला. आता रोज हेच चालतं. हसुबेन रोटलो मोडून दाखवतात, आधी स्वतः खातात, मग शेठ खातो. मनहरभाई ओट्यावरून म्हणतात, "हसुबेन, शेठ तुमची तपासणी करतो की काय!"

"करू दे की," हसुबेन म्हणतात, "त्याचा हक्कच आहे." आणि दुसरा तुकडा मोडायला घेतात.