जुनी खोळच माप

खुशालच्या दुकानात शिलाई मशीन होती, आरी होती, पकड होती, फोमचे तुकडे तर पायात यायचे. पण मोजायचा टेप म्हणाल तर औषधालाही नाही. कोणी विचारलंच तर तो भुवया चढवून म्हणायचा, "टेप तो लावते, ज्याचा हात कच्चा हाय. जुनी खोळ उसव, नव्या मालावर ठेव अन् काप. जुनी खोळच माप!" तीस वर्षं वरठीच्या स्टेशनरस्त्यावर त्यानं मोटरसायकलींच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या सीटा अशाच शिवल्या. एकही माघारी आली नाही. माणसाला घमेंड चढायला आणखी काय लागतं?

पण आता तयार कव्हरं निघाली. दहा मिनिटांत चढवा आणि चालू पडा. खुशालकडे आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली तरी खूप. त्याचा साळा धर्मेंद्र यानं एका कंपनीच्या गेटवर त्याच्यासाठी गार्डाची जागा धरून ठेवली होती. एक तारखेच्या आत हो म्हणायचं होतं. खुशाल चिडायचा. "दिवसभर दुसऱ्याच्या गेटवर बसू? मी मरन तं सीटवालाच मरन!"

आणि तेवढ्यात लाखांदूरचे राईस मिलवाले गोपीचंदजी आपली लाल गाडी घेऊन दारात उभे राहिले. दोनच माणसांची, टपाची भानगड नसलेली, साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स गाडी. वडिलांनी घेतलेली. इंजिन अजून गुरगुरायचं, पण सीटांच्या पार चिंध्या झाल्या होत्या. आत घोड्याचे केस भरलेले, तेही बाहेर आलेले. गोपीचंदजींनी चेन्नईहून चामडं आणलं होतं, जुन्या गुळाच्या रंगाचं. "एवढंच भेटलं, खुशाल. यातलं वीतभरही वाया गेलं तर दुसरं नाही. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा आहे. दहाबारा जणांजवळ अशा गाड्या आहेत, कोणालाच कारागीर सापडत नाही. तुझं काम पाहिलं की सगळे इथंच येतील."

खुशालला दुसरं काय हवं होतं! गाडी दुकानात ठेवून घेतली, सीटा काढल्या, ब्लेडनं एकेक टाका उसवला. बावीस तुकडे निघाले. प्रत्येकाच्या पाठीवर खडूनं नंबर टाकला आणि धूळ नको म्हणून गठ्ठा बांधून घरी नेऊन ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्याची माय, रंभाबाई, गेली.

दहाव्याला खुशाल भाऊबंदांबरोबर वैनगंगेवर डोकं भादरायला गेला. घरी त्याची बायको चंद्रभागाबाई सुतक काढायला लागली. आपल्याकडे दहाव्याला घर धुतात म्हणजे धुतातच. अंथरूण-पांघरूण, पडदे, पोतेरं, सुतकाच्या हवेतलं काही म्हणता काही सोडायचं नाही. सासूवर जीव होता बाईचा, रडत रडत तिनं घर धुऊन काढलं.

तेरवी आटोपून आठवडाभरानं खुशाल कामाला लागला तेव्हा गठ्ठ्यातले नंबर गेलेले होते. खडूच तो, पुसला असेल, असं त्याला वाटलं. तुकडे मात्र मऊ आणि चकचकीत होते. वा रे जुनं चामडं, म्हणत त्यानं ते गुळाच्या रंगावर मांडले आणि कात्री चालवली. मशीनवर सीटेच्या उभ्या फुगीर नळ्या शिवल्या, कडेला पायपिंग लावली. इतकं सुंदर काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी खोळ सांगाड्यावर चढवायला घेतली. चढेना. ओढली, तरी दोन बोटं कमी. दुसरी घेतली, तीही दोन बोटं कमी. खुशालच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं ओलं फडकं फिरवलं, पकडीनं ताणलं, गुडघा रोवून ओढलं, तर टर्रकन शिवण फाटली आणि तिच्याबरोबर चामडंही. स्प्रिंगा उघड्याच राहिल्या. कड जोडावी म्हटलं तर चामडं संपलेलं, रेक्झिनचं ठिगळ मारायला हात धजेना. रविवारी मेळा होता. दुकानामागे जाऊन तो भिंतीला टेकून हमसून हमसून रडला. माय गेली तेव्हाही असा रडला नव्हता, खरं सांगतो.

दुपारी तो घरी जेवायला गेला. "ते चामड्याचे तुकडे," त्यानं विचारलं, "तुनं हलवले होते का वं?"

"हलवले? अवो, धुतले ना दहाव्याले!" चंद्रभागाबाई म्हणाली. "सोडा टाकून, चांगल्या गरम पाण्यात. उन्हात वाळले तं कडक झाले, मग खोबरेल चोळलं अन् आठ दिवस ट्रंकेखाली दाबून ठेवले. सरळ झाले ना? काहून?"

गरम पाणी, सोडा आणि वरून ऊन! चामडं आक्रसणार नाही तर काय होणार? खुशालच्या तोंडाशी आलं होतं, बह्याड बाई, पोटावर पाय दिला! पण तिचे डोळे सासूच्या आठवणीनं अजून सुजलेलेच होते. आणि टेप एकदा सांगाड्यावर लावला असता तर? तीस वर्षं टेपाला नावं कोणी ठेवली होती? "काई नाई," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

शनिवारी गोपीचंदजी आले. फाटकी खोळ बघून मटकन स्टुलावर बसले. "हे काय केलंस, खुशाल?"

"माप चुकलं जी. माहीच चूक."

"तुझं माप चुकलं?" त्यांचा विश्वासच बसेना. आवाज चढला. "वडिलांची आठवण होती रे ती! टेप लावायला काय झालं होतं तुला?"

घरून चहा घेऊन आलेल्या चंद्रभागाबाईला ते सहन झालं नाही. कप ठेवून पदर सावरत ती पुढं झाली. "मालक, त्यायले बोलू नका जी. जीव ओतला त्यायनं. मी बी काई कसर नाई सोडली. घरात सुतक होतं, तं तुमच्या गाडीले त्याचा इटाळ नोको म्हणून सप्पा तुकडे गरम पाण्यानं धुवून देल्ले."

गोपीचंदजींनी झटकन मान वर केली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुशालकडे. खुशालनं तिच्या पाठीमागून हात जोडले होते. तिला काही सांगू नका, अशी तो मान हलवत होता.

त्यांनी चहाचा कप उचलला. "चांगलं केलं बाई तुम्ही," ते म्हणाले. "एवढं कोण करतं?"

त्यांनी चहा पूर्ण प्यायला. खुशालनं उघडे सांगाडे गाडीत बसवून दिले. स्प्रिंगांवर धानाचं एक पोतं दुमडून गोपीचंदजी त्यावर बसले, आणि लाल गाडी मेळ्याला नाही, लाखांदूरला निघून गेली.

"पाहा," चंद्रभागाबाई म्हणाली, "मी बोलली तवा कसे नरमले! देवमाणूस हाय बापा. माह्या धुण्याची कदर केली त्यायनं."

"केली," खुशाल म्हणाला आणि धर्मेंद्रला फोन लावला.