दोराचे दोन जोड

ती घटना आजही आठवली की अंगात फौजदारकीचं वारं शिरतं. दुष्काळाचं साल होतं, मी आटपाडी भागात फौजदार होतो. सरकारी टँकर वस्त्यांवरच्या आडांत पाणी ओतायचा आणि बायका ते शेंदायच्या.

एका सकाळी साठीच्या बाई ठाण्यात आल्या आणि शेंदायचा दोर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, आट दिसांत दोराला दोन जोड लावलं. पानी खालीच चाललंय. घरात सून बाळंतीण हाय, तिला काय पाजू?"

"टँकर रोज येतो. गावच्या मदत समितीच्या प्रमुखांची सही आहे," मी म्हणालो.

"कागदावर येत आसंल. आडात न्हाई."

खरं सांगतो, मी त्यांना वाटेला लावणार होतो. पण जुन्या, काळवंडलेल्या दोराला ते दोन ताजे जोड दिसले. हौसेनं कोण दोर वाढवतं?

टँकरचालकाला बोलावलं. "आईशपथ सायेब, रोज वततोय." विचारण्याआधीच शपथ घेणाऱ्यावर मी नोकरीभर विश्वास ठेवला नाही. चहा पाजून त्याला सोडला.

दुसऱ्या दिवशी टँकर भरताना आरोग्य खात्याच्या माणसाला विहिरीत टाकायचं लाल औषध त्यातच टाकायला लावलं. मग मी, हवालदार आणि दोन पंच सायकलींवरून मागे लागलो. वस्तीचा फाटा आला आणि टँकर सरळ पुढे गेला. शिकार टप्प्यात आली होती.

टँकर गाठला तेव्हा समितीप्रमुखांच्या नव्या घराच्या स्लॅबवर त्यातलं पाणी मारणं चाललं होतं. स्लॅबवर गुलाबी तळं साचलेलं.

"आता कुणाची शपथ घेतोस?" मी चालकाला विचारलं.

"त्यांनीच वळवाय सांगितलं, सायेब," त्यानं दारात उभ्या प्रमुखांकडे बोट केलं.

प्रमुख शांतपणे म्हणाले, "वस्तीची मानसं हायती, भागवत्यात कसंबी." मला इतका संताप आला की पंचनामा लिहिताना निब मोडली.

दुपारी दुसरा टँकर आणून माझ्यासमोर आडात रिकामा करवला. पुरावा म्हणून दोर जप्त करायला हवा होता, पण मग बाई पाणी शेंदणार कशानं? मी घुटमळलो. बाईंनी घागर सोडली, ती लवकर पाण्याला टेकली. त्यांनी एक जोड सोडला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो न्हेवा. आता लागत न्हाई."

मुद्देमालात मी तेवढाच तुकडा लावला. पुढे दर दुष्काळात मदत पोचली का, हे मी देणाऱ्याला कधी विचारलं नाही. आधी आडावर जाऊन दोर बघितला.