साखरेच्या मॅडम

नांदेडच्या आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम कुणाशीही बोलू लागल्या की गाडी साखरेवर आणत. चहातली साखर नव्हे, पेशीच्या अंगावरची. म्हणून मुलं त्यांना ‘साखरेच्या मॅडम’ म्हणत आणि ते कानावर आलं तरी त्या खुशीतच असत.

त्या मूळच्या देगलूरच्या. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, वर्गात मराठी. प्रत्येक पेशीवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात आणि कॅन्सर झाला की त्या बदलतात, हे सांगताना त्या म्हणत, “देगलूरच्या माणसानं तोंड उघडलं की कळतंय ना, कुठला हाय ते? तसंच. पेशी बिघडली की तिची बोली बदलती.” ती बदललेली साखर थोडीफार रक्तात उतरते, तिथे मोजता येते. त्यांचं सगळं संशोधन त्यावरच चालायचं. तरी बजावत, “साखर खोटं बोलत न्हाई, पण अर्धंच बोलती.”

याचा अर्थ मला बाबांच्या आजारात कळला. बाबांना कावीळ झाली. लातूरला रक्त तपासलं, तर स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढते ती साखर भलतीच वाढलेली. चाकूरच्या आमच्या घरी नातेवाईक जमले, रडारड सुरू झाली. मी मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने लातूरच्या दवाखान्यात हजर. डॉक्टरांशी बोलून आईजवळ आल्या. “पित्ताची नळी खड्यानं अडली तरी ही वाढती, अम्मा. सोनोग्राफीत खडा दिसलाय. तो निघू द्या, कावीळ उतरू द्या, मग पुन्हा तपासू. तोवर कुणी रडायचं न्हाई.”

खडा निघाला, साखर उतरली. बाबा आजही शेतात जातात.

काही वर्षांनी, मीही त्याच कॉलेजात शिकवू लागले होते तेव्हा, मॅडमचंच पोट दुखू लागलं, वजन उतरलं. तीच तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल. त्यांचा धाकटा भाऊ पेढे घेऊन आला. मी त्यांच्या घरीच होते. मॅडमनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“काही माणसांच्या अंगात ही साखर जन्मापासून बनतच न्हाई,” त्या भावाला म्हणाल्या. “मी त्यातली हाय. माझं रक्त मीच तपासलं होतं मागं. माझा रिपोर्ट कायम नॉर्मलच येणार, राजा. स्कॅन करू.”

स्कॅनमध्ये गाठ दिसली. यकृतापर्यंत पोचलेली.

शेवटची भेट देगलूरला झाली. अंगणात खाटेवर त्या उन्हाला बसल्या होत्या. “समदं हाय इथं,” म्हणाल्या, “पण वर्ग न्हाई. जीव करमंना गं. काल काय शिकवलीस, ते मला शिकव.” मी समोर उभी राहून तास घेऊ लागले. दोनदा त्यांनी चूक काढली. मग त्यांचा डोळा लागला. मी आवाज खाली आणला, पण तास पूर्ण घेतला. पोळ्याच्या आधी त्या गेल्या.

आता त्यांचा विषय मी शिकवते. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ज्यांच्यात ती साखरच नसते, त्यांचा कॅन्सर कसा ओळखायचा?” वर्ग सुटल्यावर मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती स्टूल ओढून समोर बसली, वही उघडली, वाट पाहू लागली. त्या वेळी मॅडम शेजारी हव्या होत्या असं फार वाटलं, आणि मी त्यांच्याच बोलीच्या उदाहरणापासून सुरुवात केली.