चाळीस उत्तरांची वही

मुलगी आठ वर्षांची झाली आणि मी तिच्या शाळेचं मनावर घेतलं. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की नवरा गाडीत पेट्रोल भरायला जातो. त्या दिवसांत आमच्या गाडीची टाकी कायम भरलेली असायची.

अबुधाबीतली ती शाळा चार्टर होती. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार दुसऱ्या संस्थेचा, आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या मुलांना जागा अगदी मोजक्या. तिथे मुलं जुने ग्रंथ वाचतात, तर्कशास्त्र आणि लॅटिन शिकतात, गोल बसून एकमेकांशी वाद घालतात, असं ऑफिसात कळलं. लॅटिनचं मला काही नव्हतं. पण वाद! मी अकरा वर्षं इथे मीटिंगला बसते आहे आणि 'येस सर' नि 'नोटेड' यापलीकडे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. घरी निघतात, ती गोष्ट वेगळी. माझ्या मुलीने तरी चारचौघांत तोंड उघडावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी तिला सहा आठवडे तोंड उघडू दिलं नाही.

दुबईत अल कुसैसला राहणाऱ्या थोरल्या नणंदेची दोन्ही मुलं तिथल्याच ऊद मेथा भागातल्या भारतीय शाळेत. ॲडमिशनच्या बाबतीत आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती फोनवर म्हणाली, "अगं, इंटरव्ह्यू सगळीकडे सारखाच. अपेक्षित प्रश्न काढ, उत्तरं पाठ करून घे, खलास!"

मी दोनशे पानी वही आणली. लाल शाईने प्रश्न, निळ्याने उत्तरं, एकूण चाळीस. छंद कोणता? वाचन. खरा छंद सोफ्यावरून उड्या मारणं हा होता. आवडता पदार्थ कोणता? सॅलड. हे उत्तर पाठ करताना तिच्या हातात बटाटावडा होता. ही शाळा का हवी? कारण मला शिकायला फार आवडतं.

"बट आई, आय डोन्ट लव्ह लर्निंग."

"इंटरव्ह्यूपुरतं लव्ह आहे. नंतरचं नंतर बघू."

"पण व्हाय?"

"प्रश्न नको विचारूस. पुढचं म्हण."

नवऱ्याने एकदा दबकत सांगून पाहिलं, "पोरगी हल्ली फार गप्प असते." मी म्हटलं, शहाणी होतेय. तो किल्ली घेऊन उठला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्हाला एका खोलीत नेलं. मधे गोल टेबल. एका बाजूला आमची मुलगी, समोर पांढऱ्या केसांच्या बाई. आम्हा दोघांना मागे भिंतीलगत बसवलं आणि बोलायचं नाही असं बजावलं. बाईंनी खजुराची एक बी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "मी तुला काहीही विचारणार नाही. हिच्याकडे बघ आणि तूच मला विचार. काय वाटेल ते."

सहा आठवड्यांच्या तयारीत स्वतः विचारायचा असा एकही प्रश्न नव्हता.

मुलीने बीकडे पाहिलं. मग ती ताठ उभी राहिली आणि एक नंबरपासून सुरू झाली. नाव, वय, माय फादर इज ॲन इंजिनिअर, माय हॉबी इज रीडिंग. कोणी काही विचारलं नव्हतं, पण गाडी सॅलडपर्यंत आली. बाई शांतपणे ऐकत होत्या. मला राहवेना. मी मागून हात वर करून, बोटं पसरून, बीपासून झाड होतं ते करून दाखवू लागले. नवरा माझा हात खाली ओढत होता. बाईंनी मान वर केली.

"मॅम, हे काय आहे?"

मी दचकून उभी राहिले आणि हाताची घडी घातली. शाळेतली सवय जात नाही. "ट्री, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पुन्हा मुलीकडे वळल्या. "काहीही विचार. घाई नाही."

मुलगी बी बोटाने टेबलावर फिरवत राहिली. जागा गेली हे मला कळून चुकलं. मग माझी मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "इफ आय आस्क द राँग क्वेश्चन, विल माय मदर बी अँग्री?"

"चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. " पण मला उत्तर माहीत नाही. आपण त्यांनाच विचारू."

आणि दोघी माझ्याकडे बघू लागल्या. चाळीस उत्तरांत हे कुठेच नव्हतं. मला लाज वाटली, मनापासून लाज वाटली. मीटिंगमध्ये मी जशी गप्प बसते, तशीच गप्प बसणारी एक बाई मी घरी तयार करत होते.

"नाही रागावणार," मी म्हटलं. "इन्शाल्ला." इथे 'बघू'ला असंच म्हणतात.

"नो इन्शाल्ला, आई. प्रॉमिस."

"प्रॉमिस."

मग ती बीकडे वळली. हा खजूर कोणी खाल्ला? खाताना बी आहे हे त्याला माहीत होतं का? उलटी पेरली तर झाड खाली वाढेल का? तुम्ही ही धुतली होती का? दोन प्रश्नांना बाई हसून म्हणाल्या, "माहीत नाही." दोन्ही वेळा मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, असं म्हटलेलं चालतं का म्हणून.

तीन आठवड्यांनी ॲडमिशनचं पत्र आलं. नणंद म्हणाली, "बघ, तयारी केल्याचा फायदा होतोच." मी तिचं म्हणणं खोडलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी मुलगी लॅटिन शब्दांची यादी घेऊन माझ्यासमोर बसली. "आई, लॅटिन आता कोणीच बोलत नाही. मग आम्ही बोलायचं कोणाशी?"

'प्रश्न नको विचारूस, पाठ कर', हे अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही गं."

तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तुला माहीत नाही?"

"नाही."

ती उठून धावत सुटली. "बाबा! बाबा! आईला माहीत नाही!"

ॲडमिशनचं पत्र आलं तेव्हाही ती इतकी नाचली नव्हती. नवरा किल्ली घेऊन दारापर्यंत पोचला होता. त्याने ती परत खुंटीला अडकवली आणि आमच्यात येऊन बसला.